केसरअक्काच्या माहेरवाशिणी

केसरअक्का माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याचा हात हुंगायची. कडी वाजवली की दार वीतभर उघडायचं, आतून शिरा उठलेला एक हात बाहेर यायचा, आलेल्याचं मनगट धरायचा आणि तळवा आत नाकापाशी ओढून न्यायचा. मांजराचा वास आला की दार बंद. तंबाखूचा आला की दार बंद. अत्तराचा किंवा अगरबत्तीचा आला तर "साबन लाई धोई ये" म्हणून बाहेरचा नळ दाखवायची. यातून पार पडलेल्यालाच नाव-गाव विचारलं जायचं. धुळ्याला पांझरेच्या पलीकडे तिचं धाब्याचं घर होतं, हातभर जाड मातीच्या भिंतींचं, वर मातीचंच सपाट छत असलेलं. आत तिचे पाळीव उंदीर होते. ते हवे असतील तर आधी हात द्यावा लागे.

मी हात दिला तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. सहावीतल्या माझ्या मुलीनं, मुक्तानं, कुठल्याशा व्हिडिओत हाक मारली की धावत येणारा उंदीर पाहिला आणि घरात धोशा लावला. मी जळगावला शाळेत भूगोल शिकवते. घरात उंदीर दिसला की खराटा घेऊन धावणारी बाई. पण आठ महिने झाले तरी पोरगी हटेना, तेव्हा म्हटलं, आणायचेच तर नीट बघून आणू. तिथून माझ्या संतापाला सुरुवात झाली.

पहिलं गाठलं ते जळगावातलं एक माशांचं दुकान. काचेच्या टाकीत तीसेक पांढरे उंदीर एकावर एक चढलेले, नर-माद्या सगळे एकत्र, पाण्याची बाटली कोरडी. दुकानदार कानाचा फोन न काढता म्हणाला, "मॅडम, पाळायला की खायला?" खायला म्हणजे मोठ्या माशांना घालायला. पाळायला म्हटल्यावर त्यानं शेपटीला धरून दोन उचलले. "एक नर, एक मादी घ्या. पुन्हा विकत घ्यायची गरजच नाही." चोवीस वर्षांत वर्गातल्या कुठल्या द्वाड पोरालाही बोलले नाही ते मी त्याला बोलले. मुक्ता बाहेर फुटपाथवर रडत उभी होती. मग पुण्याचा एक माणूस फोनवर भेटला. तो ट्रॅव्हल्सच्या गाडीनं खोक्यातून पाठवायला तयार होता. "खोक्याला भोकं पाडतो ना मॅडम, काही होत नाही." त्याचा फोन मी आपटला. शेवटी धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीनं सांगितलं, "आमच्या प्रयोगशाळेत एक अटेंडंट होती, केसरअक्का म्हणून. तिच्याकडे जा. पण सांभाळून, तोंडाची फटकळ आहे."

त्या कॉलेजच्या प्राणिघरात अक्कानं तीस वर्षं उंदीर वाढवले होते. पिल्लं मोठी करायची, त्यांना नावं द्यायची आणि परीक्षेच्या दिवशी त्याच हातांनी ट्रे नेऊन टेबलावर ठेवायचे. पुढं उंदीर कापणं बंद झालं. उरलेल्यांचं काय करायचं, असं तिनं विचारलं, तर साहेब म्हणाले, लावून टाका विल्हेवाट. तिनं पिंजरे तिथंच टाकले आणि उंदीर पदराखाली झाकून घरी आणले. जुन्या बाजारातून जाळीच्या दारांची तीन दुधाची कपाटं आणली आणि त्यांना त्यात संसार थाटून दिला. "तीस वरीस मी त्यास्ले वाढावं आन टेबलवर धाडं," ती मला म्हणाली. "आते मन्या घरमाईन जे जाई, ते मी दखीसन धाडसू."

दखीसन म्हणजे बघून. कसं बघून, ते पंधरा दिवसांनी कळलं. पहिल्या भेटीत तिनं उंदीर दिलेच नाहीत. एके सकाळी एसटीनं जळगावला आली ती थेट स्थळ बघायला, लेक द्यायची असावी तशी. पाण्याचा पेला बाजूला सारून तिनं गॅसच्या मागं वाकून पाहिलं, खिडकीची जाळी ओढून पाहिली. शेजारच्या काकूंच्या दारात जाऊन विचारलं, "तुम्ही उंदरस्नं औषध टाकतस का?" काकू माझ्याकडं बघत राहिल्या. माझा पारा चढत होता. मग अक्का पिंजरा ठेवायच्या खोलीत गेली आणि पश्चिमेच्या भिंतीला तळवा टेकवून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, रंग बघतेय.

"तू रागीट शे," जाताना ती म्हणाली.

"आणि तुम्ही हो अक्का?"

"मी मानसंस्वर चिडस. उंदरस्वर नही." मग मुक्ताकडं वळून म्हणाली, "देसू तुले. पन दोन देसू. जोडीना जीव शे, एकला कोनले देत नही मी. आन आखाजीले पोरी माहेरले लई येवानं."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. दिवाळीला नाही गेली तरी चालेल, पण आखाजीला आम्हा खानदेशातल्या बायकांना माहेर हवंच. झोके बांधायचे, मांडे आणि आमरस खायचा, सासरची गाऱ्हाणी सांगायची. पण उंदरांनीही माहेरी जायचं? मी खो-खो हसले. अक्का हसली नाही. "चार-आठ दिन ऱ्हातीन. मंग लई जा," एवढंच म्हणाली.

भुरी आणि चिमी अशा दोघी बहिणी आमच्या घरी आल्या. महिन्याभरात मी खराटेवाली बाई खांद्यावर भुरीला घेऊन वह्या तपासू लागले. लाल पेनाची टोपणं तिनं कुरतडून ठेवली, त्यावरून मी ओरडले की ती माझ्याच केसांत लपायची. दर रविवारी अक्काचा फोन यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "खाई ऱ्हायन्यात का?" मी हो म्हटलं की फोन बंद. मला चीड यायची. वर्गशिक्षिका असल्यासारखी ही बाई माझी हजेरी घ्यायची.

आखाजी जवळ आली तसे तिचे तीन फोन आले. "ई ऱ्हायनी ना?" मी तिन्ही वेळा येते म्हटलं आणि तिन्ही वेळा खोटं बोलले. माझं माहेर बोदवडजवळच्या खेड्यात. धुळं पश्चिमेला, बोदवड पूर्वेला. भाऊ न्यायला येणार होता. उंदीर घेऊन माहेरी गेले असते तरी चाललं असतं, तिथं कडब्याची धाब्याची खोली रिकामीच असते. पण वहिनी काय म्हणेल, गल्लीतल्या बाया काय म्हणतील, मास्तरीणबाई पिंजरा घेऊन आल्या! मला लाज वाटली. सरळ सांगते, लाज वाटली, दुसरं काही कारण नव्हतं. दोनच दिवसांचा तर प्रश्न होता. कूलर भरून चालू ठेवला, दाणापाणी ठेवलं, काकूंना किल्ली दिली आणि आम्ही गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जळगावात तीन तास वीज गेली. त्या तीन तासांत मी चिंचेच्या झोक्यावर बसून भाचीला गाणी शिकवत होते. संध्याकाळी परत येऊन कुलूप उघडलं तर खोलीतून भट्टीची धग अंगावर आली. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, चटका बसला. भुरी पाण्याच्या बाटलीखाली आडवी होती, तोंड वर केलेलं. चिमी कोपऱ्यात धापा टाकत होती. मुक्तानं ओलं फडकं तिच्याभोवती धरलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, तू गेलीस ना तुझ्या माहेरी. मग त्यांना का नाही पाठवलंस?"

खानदेशचं हवामान, कोरडे वारे, उन्हाळ्यातलं कमाल तापमान, हे सगळं मी पोरांना तोंडपाठ करायला लावते. नकाशावर काठी आपटून सांगते. आणि तापणारी भिंत माझ्याच घरात होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून, चिमीला ओल्या टॉवेलात घेऊन आम्ही दोघी धुळ्याला गेलो. अक्काच्या ओट्यावर चार-पाच माणसं बसली होती. दारं-खिडक्यांना भिजवलेली गोणपाटं लावली होती. आत अंधार होता आणि माठाजवळ असतो तसा गारवा. जिथं जिथं उंदीर दिले होते तिथून सगळे आले होते. दोंडाईचा, अमळनेर, चाळीसगाव. भिंतीला टेकून ओळीनं पिंजरे ठेवलेले, एकेका पिंजऱ्यावर ओलं फडकं. वैशाखातले सगळ्यात जाळणारे दिवस अक्का त्या सगळ्यांना मातीच्या घरात काढायला लावायची आणि त्याला माहेरपण म्हणायची. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

तिनं माझं मनगट धरलं. तळवा नाकाशी नेला. तसाच धरून ठेवला.

"आमरसना वास ई ऱ्हायना तुना हातले," ती म्हणाली. "तू माहेरले गयथी."

मी मान हलवली.

"मंग मन्या पोरीस्ले काबरं नही धाडं?"

चूक माझी असून मलाच राग आला. मी ओरडलेच तिच्यावर. "तुम्ही सांगायचं होतं ना अक्का! ऊन सोसत नाही त्यांना, म्हणून आणायचं, असं एकदा तरी सांगायचं होतं! माहेरपण, माहेरपण काय लावलंय? मी ऐकलं असतं!"

अक्कानं माझा हात सोडला. "ऊन शे, हाई बी सांगनं पडस का जयगावनी बाईले?"

तिनं चिमीला मुक्ताच्या हातून घेतलं. एकटा जीव ती कोणाकडं ठेवत नव्हती, तेव्हा चिमी परत मिळणार नाही हे आम्हाला ठाऊक होतं. दार लागलं. त्या दाराचा मला इतका राग आला की बस स्टँडपर्यंत मी पायातली चप्पल आपटत चालले.

पुन्हा तिथं जायचं नाही असं मी बजावलं, पण मुक्तानं ऐकलं नाही. पुढच्या आखाजीला आमच्याकडं एकही उंदीर नसताना ती मला धुळ्याला घेऊन गेली. अक्कानं तिचा हात हुंगला आणि आत घेतलं. मला ओट्यावर बसवून ठेवलं. दुपारी बाराला दार उघडून तिनं माझ्यापुढं एक बादली आदळली. "बठी काय ऱ्हायनी? गोणपाट भिजाड." त्या वर्षीपासून गोणपाटं भिजवायचं काम माझं. दर दोन तासांनी. हयगय झाली की ती सगळ्यांदेखत माझी लाज काढायची, आणि मी मुकाट्यानं ऐकून घ्यायचे. चिमी तोवर म्हातारी झाली होती. अक्कानं तिला दुसऱ्या दोन म्हाताऱ्यांत बसवलं होतं. तिसऱ्या वर्षी अक्कानं मला पुन्हा जोडी दिली. मी पिंजरा मुक्ताकडं दिला आणि बादली उचलून गोणपाटं भिजवायला गेले.

गेल्या थंडीत अक्का गेली. दमा होता, कोणाला सांगितला नव्हता. फोन तिच्या पुतण्याचा आला. "मॅडम, काकूच्या मोबाइलमधे तुमचा नंबर होता. घर पाडून स्लॅब टाकायचाय. उंदरांचं काय? एक दुकानदार सगळे एकदम उचलतो म्हणतोय." दुकानदार म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर ती काचेची टाकी आली. मी त्याला सांगितलं, "कपाटाच्या कडीला हात लावलास तर याद राख." शाळेत रजेचा अर्ज न टाकता निघाले. अकरा उंदीर होते. पुतण्या दारात उभा राहून हसत होता. त्याच्या काकूनं मरेपर्यंत या एवढ्याशा जिवांचं देणं फेडलं आणि हा हसत होता. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. अक्का असती तर तिनं त्याहून वाईट लिहिता न येण्यासारखं ऐकवलं असतं.

आता लोक मला फोन करतात. उंदीर कुठून घ्यावेत, मॅडम? दुकानातून घेतले तर चालतील का? मला तिडीक येते. मी सांगते, आधी मी घर बघणार. पश्चिमेची भिंत कुठली ते दाखवा. बरेच जण फोन ठेवून देतात. ठेवू देत.

यंदाच्या आखाजीला मी माहेरी गेले ती आमची जोडी आणि अक्काचे अकरा उंदीर घेऊन. भावानं कडबा काढून धाब्याची खोली रिकामी करून दिली. वहिनी आधी नाक मुरडत होती, मग तिनंच गोणपाटं भिजवली. अक्कानं ज्यांना उंदीर दिले होते त्यांना मी एकेकाला फोन केले होते. सगळे आले, फक्त चाळीसगावचा एक तरुण राहिला होता. अकरा वाजले, बारा वाजले. त्याचा फोन लागेना. ऊन अंगणात उभं राहू देत नव्हतं. मुक्ता दोनदा बोलवायला आली, ताट वाढलं होतं. मी फाटकापाशीच उभी राहिले आणि मनातल्या मनात त्याला शिव्या मोजत होते.

एकच्या पुढं तो आला. गाडी चुकली होती, बोदवड स्टेशनपासून रिक्षा मिळाली नाही म्हणून उन्हातनं चालत आला होता. स्वतःच्या डोक्यावर काही नव्हतं. डोक्याचा रुमाल भिजवून पिंजऱ्यावर टाकला होता. मी त्याचं मनगट धरलं आणि तळवा नाकाशी नेला. ओल्या सुती कापडाचा वास होता.

"आत घे," मी म्हटलं, "आणि उशीर काय रे करतोस, अक्कल आहे का तुला?"

तो आत गेला. पिंजऱ्यातल्या दोघी जिवंत होत्या. मुक्तानं त्यांच्यापुढं पाणी ठेवलं. मग मी हात धुतले आणि ताटावर बसले. आमरसावर साय धरली होती, तोवर मी त्याला बोट लावलं नव्हतं.