अकरावा खिळा

बस आगाराच्या कार्यशाळेत भिंतीवर चोवीस खिळे होते आणि प्रत्येकावर एकेकाचा चहाचा मग. खिळे ब्रेकमिस्त्रींनी ठोकलेले, एकतीस वर्षांपूर्वी, कामगार संघटना उभी राहिली त्या आठवड्यात. तेव्हापासून रिवाज पडला: नव्या सभासदाचा मग मिस्त्रींनी टांगायचा, आणि कोणाला संघटनेतून काढलं तर तो मिस्त्रींनीच उतरवायचा. उतरवायची वेळ कधी आली नव्हती.

अकरावा मग मिस्त्रींच्या साडूचा. साडू चालक. गेल्या महिन्यात उतारावर एका बसचे ब्रेक लागले नाहीत आणि रस्ता ओलांडणारी एक शिक्षिका जागीच गेली. 'गाडी बाहेर काढू नये' असा शेरा मिस्त्रींनीच लिहून ठेवला होता. संघटनेचे अध्यक्ष कार्यशाळेचे मुकादमही होते; त्यांनी तो कागद फाडला आणि गाडी सोडली. अपघातानंतर सगळ्यांचं ठरलं, कोणी काही पाहिलं नाही. साडूने मात्र कागद फाडताना पाहिलं होतं, ते चौकशीत सांगून टाकलं. मिस्त्रींनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

"मिस्त्री, अकरावा उतरवा," अध्यक्ष म्हणाले.

"त्याला एकदा बोलू तर द्या."

"बोललाय की. पोटभर बोलून आलाय."

सगळे हसले. मिस्त्रींनी मग उतरवला आणि डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला.

त्या रात्री त्यांनी संघटनेचा चार ओळींचा राजीनामा लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी साडू आला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दादा, गुरुवारी शेवटची सुनावणी आहे. शेरा तुमचा होता, एवढंच सांगा."

"आत राहून मी त्यांना वळवतो. बाहेर पडलो तर माझं कोण ऐकणार?"

"आत राहून एकतीस वर्षं झाली, दादा."

मिस्त्रींच्या बायकोने आतून विचारलं, "अहो, माझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?"

गुरुवारी मिस्त्री सुनावणीच्या खोलीपर्यंत गेले. दाराशी संघटनेची सगळी माणसं उभी होती. कोणी दटावलं नाही. एकाने सरकून बाकावर जागा करून दिली. लग्नकार्यात, दुखण्याखुपण्यात धावून आलेली माणसं. मिस्त्री त्यांच्यात बसले. आत बोलावल्यावर म्हणाले, "मला आठवत नाही."

साडू खोटा ठरला, त्याची नोकरी गेली. मेहुणीचं येणं थांबलं. पुढच्या आठवड्यात सदरा धुतला गेला, तेव्हा खिशात कागदाचा लगदा निघाला. बायकोने तो दाखवला. "कामाचं होतं का काही?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. दुसरा त्यांनी लिहिला नाही.

अकराव्या खिळ्यावर आता हात पुसायचं फडकं असतं. सकाळी दहाला चहा येतो. मिस्त्री आपला मग काढतात आणि त्या फडक्याकडे पाठ करून बसतात.

"एक मात्र आहे," अध्यक्ष एकदा म्हणाले, "खिळे काय ठोकलेत मिस्त्री तुम्ही. एक हलला नाही अजून."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि चहा संपवला.