तळ्याकाठी फिरायला बंदी

लग्नघरी पुरणाचे ओबट्टू लाटावेत ते नागरत्नानंच, असं तुमकुरात म्हणत. सतराव्या वर्षी साडी नेसली म्हणून बापानं या लेकाला घराबाहेर काढलं, त्याला आता चौतीस वर्षं झाली होती. साखर वाढून पाय बधिर व्हायला लागले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज तासभर चाल. नाहीतर पायावर बेतेल."

म्हणून ती सकाळी सहाला तळ्याकाठी जायची. तीन महिने कुणी काही बोललं नाही. मग ठाण्यात नवा साहेब आला, आणि एके दिवशी पुट्टस्वामी हवालदारानं तिच्यापुढं काठी आडवी धरली.

"इथं धंदा लावायचा नाही."

"ह्या वयात, सकाळी सहाला, कसला धंदा सार? साखर आहे मला." तिनं कनवटीची डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी काढून दाखवली.

"सगळ्यांनाच साखर असते. चल."

बाकावर रंगप्पा मास्तर बसले होते. त्यांच्या मुलीच्या लग्नात तिनं सातशे ओबट्टू लाटले होते.

"मास्तर, तुम्ही तरी सांगा की यांना."

मास्तर बुटाची नाडी बांधायला वाकले. "मला काय ठाऊक बाबा. येता-जाता दिसते, एवढंच."

ठाण्यात दुपारी दोनपर्यंत उपाशी बसवलं. साखर एकदम उतरली, घाम फुटला. एका शिपाईबाईनं गोड चहा दिला तेव्हा कुठं डोळ्यांपुढची अंधारी गेली. कारकुनानं कागद पुढं ओढला.

"नाव?"

"नागरत्ना."

"बापानं ठेवलेलं सांग."

इतक्या वर्षांत न उच्चारलेलं ते नाव तिनं हळूच सांगितलं. त्यानं ते मुद्दाम तीनदा वदवून घेतलं. तळ्याकाठी फिरणार नाही, असं लिहून घेऊन तिला सोडलं.

गल्लीत चालावं तर पोरं मागं लागत. मग ती घरातच चालायची, चुलीपासून दारापर्यंत नऊ पावलं. कार्तिकात एकदा चुलीतला निखारा पायाखाली आला; बधिर पायाला कळलंच नाही. जखम चिघळली, दोन बोटं कापावी लागली. फार वेळ उभं राहवेना, तशी लग्नाची बोलावणीही थांबली.

संक्रांतीनंतर एका सकाळी काठी टेकत ती तळ्यावर गेली आणि बाकावर बसली. पुट्टस्वामी आलाच.

"लिहून दिलंयस ना?"

"फिरणार नाही म्हणून दिलंय, सार. फिरता कुठं येतंय आता? बसलेय."

तो तिच्या पायाच्या पट्टीकडं बघत राहिला. मग फोन काढून त्यानं ठाण्यातून जीप मागवली. फिरणारी माणसं बाकाला वळसा घालून जात होती. जीप येईपर्यंत ती तिथंच बसून राहिली.