पॉवर विंडोचा एक रिटेक जास्त

“अजून एकदा,” मी म्हणालो. “आता आतून घेतो.”

गजभियेने बटन दाबलं. काच हलली नाही. त्याने पुन्हा दाबलं, मग अंगठ्याने जोर लावून दाबलं. टक्क एवढाही आवाज आला नाही. काच पूर्ण खाली, दाराच्या पोटात जाऊन बसलेली.

मी लग्नाचे व्हिडिओ काढतो. पौष लागला होता, लग्नं बंद होती आणि कॅमेरा कपाटात पडून होता. अशात गोंदियातल्या एका स्पेअर पार्टच्या शेठजींनी काम दिलं. गाडीच्या पॉवर विंडो घरच्या घरी कशा दुरुस्त कराव्या, याचा व्हिडिओ. तो बघून लोक पार्ट घ्यायला दुकानात येतील, असा त्यांचा हिशेब. हात गजभियेचे. तो माझा जुना मित्र, फुलचूरला स्वतःचं गॅरेज चालवणारा ऑटो इलेक्ट्रिशियन. गाडी बिसेन गुरुजींची. त्यांच्या मागच्या डाव्या दाराची काच अडकली होती. काम फुकट होतंय म्हणून त्यांनी गाडी दिली होती, पण दुपारी ती परत हवी होती, म्हणून ते गॅरेजमध्येच बसून होते. मुलगी नागपूरच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. आज सुट्टी मिळणार होती आणि गुरुजी तिला नि नातीला घरी आणायला निघणार होते.

काम तसं छान झालं होतं. गजभियेने आधी काचेला वरून चिकटपट्टी लावली, नाहीतर ती घसरून आत पडते. मग दाराचं आतलं पॅनल काढलं. आत रेग्युलेटर असतो, म्हणजे काच वर-खाली नेणारी तारेची यंत्रणा. मोटर फिरते, तार ओढली जाते, काच सरकते. इथे तारच तुटली होती. त्याने नवा रेग्युलेटर बसवला, बटन दाबलं, काच वर गेली. तिथेच मी कॅमेरा गुंडाळला असता तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

पण लग्नाच्या शूटिंगमध्ये रिटेक नसतो. हार गळ्यात पडला की पडला. त्या वेळी नेमका कोणी मामा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, तर वर्षभर बोलणी आपण खायची. इथे पहिल्यांदाच माझ्या शब्दावर सगळं पुन्हा पुन्हा होत होतं. मला चेव आला. काच समोरून घेतली, बाजूने घेतली, स्लो मोशनसाठी घेतली. लग्नातला हॅलोजन दाराच्या अगदी जवळ लावला. शेठजीही रंगात आले. “एक बार और, बढ़िया लग रहा है!”

आणि मग काच बसली ती बसलीच.

गजभियेने फ्यूज पाहिला. ठीक होता. बटन बदलून पाहिलं. पॅनल पुन्हा उघडून मोटरच्या वायरला मीटर लावला. मोटरमधून करंटच जात नव्हता. “मोटर गेली,” तो म्हणाला.

“मंग नवीन टाक,” गुरुजी म्हणाले.

शेठजींनी मान हलवली. “इसकी मोटर स्टॉक में नहीं है. नागपूर से आएगी.”

“मी नागपूरलेच जाऊन राहिलो ना! पोरीले दवाखान्याच्या दारात उभी ठेवून मोटर शोधत फिरू काय?”

“गुरुजी, लाकडाचा तुकडा ठोकून काच वर अडकवून देतो,” गजभिये म्हणाला.

“अन् रस्त्यात निसटली तं? त्या बाजूले पोरगी बसणार आहे, बाळाले घेऊन. एवढ्या थंडीत कोहमाऱ्याच्या रस्त्यानं येणं आहे. सकाळी काच चालू झाली होती. तुमी काऊन पुन्हा पुन्हा खेळून राहिले तिच्याशी?”

 मला खरंच लाज वाटली. भाड्याने दुसरी गाडी बघू का, असं मी विचारलं. गुरुजी मागचं दार उघडून त्याच जागेवर जाऊन बसले आणि घरून बायकोने दिलेला डबा उघडला. आम्ही फोन फिरवत बसलो. कॅमेरा स्टँडवर चालूच होता. लग्नात तो बंद करायची सवय नसते.

बराच वेळ गेला. डबा संपला. हात पुसून गुरुजींनी रागाने ते बटन एकदा दाबलं.

काच सरळ वर गेली.

 मग गजभियेने कपाळावर हात मारला. “गरम झाली होती!”

या मोटरच्या आत बचावाचा एक स्विच असतो. लागोपाठ चालवली की मोटर तापते आणि तो करंट तोडतो. थंड झाली की आपोआप जोडतो. मधल्या वेळात मीटर लावला तर मोटर मेलेलीच दिसते.

“हे तुला माहीत नव्हतं?” मी विचारलं.

“माहीत होतं ना बावा. पण गिऱ्हाईक दोनदा दाबते अन् घरी जाते. असा तमाशा कोण करते?”

गुरुजींनी पॅनल बसवून घेतलं, कोणालाही बटनाला हात लावू दिला नाही आणि निघून गेले.

शेठजींनी सगळं शूटिंग पाहिलं. “ये गरमवाला हिस्सा काट दो. मोटर ठंडी होने तक लोग बैठे रहेंगे, तो नई कौन लेगा?”

“मंग माहं तोंडबी कापा,” गजभिये म्हणाला. “माह्या नावानं लोकं चांगल्या मोटरी फेकतील.”

दोघांची जुंपली. काम शेठजींचं, मित्र गजभिये. मी वायरी गुंडाळायच्या निमित्ताने अंग काढून घेतलं. अंधार पडला तरी निकाल लागला नव्हता. तेवढ्यात गुरुजींचा फोन आला. मी स्पीकर लावला.

“कोहमाऱ्याले चहा घ्यायले थांबलो. काच बंद आहे, नात झोपली आहे.”

आम्हा तिघांचाही जीव भांड्यात पडला.

“पण पोरगी म्हणते, बाबा, आत लय गरम होते, थोडीशी उघडू काय? मी म्हटलं, घामानं भिजली तरी चालेल, त्या बटनाले हात लावायचा नाही!”

शेठजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, “रहने दो. मत काटो.”

तो भाग व्हिडिओत अजून आहे. काच वर गेली की हात खिशात घालायचे, एवढंच मी त्यातून शिकलो.