सत्तरचे शंभर

गोड सुपारीचा वास आला की मी अजून तिथून उठून जाते. निजामपुऱ्यातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत मी शिकाऊ टेक्निशियन होते. पलीकडच्या कापडाच्या लूमची खडखड आतपर्यंत यायची. एका काकांच्या धमनीतल्या नळीला जोडलेला सेन्सर छातीच्या उंचीवर होता आणि मॉनिटर प्रेशर सत्तर दाखवत होता, फारच कमी. त्यांच्या बायकोला, काकूंना, आत बोलावण्याआधी माझ्या सीनियर टेक्निशियनने सेन्सर स्टँडवरून काढून पलंगाखाली लोंबत सोडला. सेन्सर खाली गेला की आकडा खोटाच वाढतो. पेशंट दुसरीकडे गेला की आमचं बिल बुडायचं. "बघा काकू, शंभर! उगाच ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला निघालात," तो सुपारी चघळत हसला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय ना गं, पोरी?" मी मान डोलावली. त्या अँब्युलन्स परत पाठवायला गेल्या, तेव्हा त्याने सुपारीची पुडी माझ्यापुढे धरली. मी घेतली. ती गोड लागली, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.