उघड्या डोळ्यांची माफी

हंबीरराव मिस्त्रींची सायकल संध्याकाळी कुणाच्या दारात टेकलेली दिसली, की उद्यमनगरातली माणसं काय ते समजायची. आज फौंड्रीत मिस्त्रींनी या घरच्या माणसाला काहीतरी लागेल असं बोललेलं आहे आणि आता ते माफी मागायला आलेत. घरातली बाई न विचारता चहाचं आधण ठेवायची.

ही पद्धत चौऱ्याहत्तर सालापासूनची. त्याआधी हंबीरराव नुसतेच रागवायचे आणि सायकल सरळ घरी जायची.

ते मोल्डर होते. वाळूच्या साच्यात लोखंडाचा तापलेला रस ओतताना त्यांचा हात इतका सावकाश चालायचा की बघणाऱ्यालाच घाम फुटावा. तोंडाला तसं वळण लागलेलं नव्हतं. पण कोल्हापुरात माणूस भांडतोय की वाट विचारतोय हे परक्याला पटकन कळत नाही, त्यामुळे त्यांचं बरंच खपून जायचं. शिवाय रविवारी चर्चमध्ये ते पेटी वाजवायचे, आणि पेटीवाल्याला मंडळी सहसा बोलत नाही. दुसरा मिळत नाही.

गीत उचलायचे बाळासो. त्याच फौंड्रीत साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवणारे सुतार. आवाज खडा, पण पट्टी कुठली धरतील याचा नेम नसायचा. ते आधी सुरुवात करायचे, हंबीररावांची बोटं मागून वाट काढायची. अशी वीस वर्षं गेली.

चौऱ्याहत्तरच्या इस्टरच्या तालमीला दोघंच आले होते. सकाळी वाळू ओली राहिल्यामुळे ओतलेली अकरा कास्टिंग वाया गेली होती आणि मालकानं हंबीररावांना चारचौघांत झाडलं होतं. संध्याकाळी बाळासोंनी गीत नेहमीसारखं चढं उचललं. हंबीररावांनी पेटीचा भाता दाबून बंद केला.

"सोताच्या बायकोला माती देतानाबी तू बेसूरच गायलास की," ते म्हणाले. "आज काय नवीन हाय त्यात?"

बाळासोंनी चपला घातल्या आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळकसाहेबांना कळवलं, यापुढं मी गाणार नाही.

हंबीररावांना पश्चात्ताप झाला, अगदी मनापासून झाला. अडचण अशी की तो मोठ्यानं झाला. बुधवारच्या सभेत एकेकानं डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची रीत होती. पाळी आल्यावर हंबीरराव उठले, डोळे गच्च मिटले आणि देवापासून काय लपवायचं म्हणून आपलं पाप जसंच्या तसं, शब्दाला शब्द लावून सांगितलं. बायकोची माती सांगितली, बेसूर सांगितलं. तोवर ही गोष्ट दोघांना माहीत होती. आता चाळीस जणांना झाली. दोघा-तिघांनी सवयीनं "आमेन" म्हटलं. डोळे उघडले तेव्हा तिसऱ्या बाकावरची बाळासोंची जागा रिकामी झाली होती.

"पाप कबूल केलं की मी!" घरी येऊन ते बायकोवर, शालूबाईंवर ओरडले.

"देवाला सांगितलासा. त्येला काय ठावं नव्हतं व्हय?" शालूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "ज्येला लागलं त्येच्याकडं कोण जाणार? पाळकसाहेब?"

येत्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायचा. ज्याचं कुणाशी बिनसलं असेल त्यानं आदल्या दिवशी जाऊन मिटवावं, नाहीतर प्याला पुढं जाऊ द्यावा, असा त्या मंडळीचा दंडक. हंबीररावांनी प्याला चुकवला असता तर कुणी काही बोललं नसतं. पण बाळासोंशिवाय पेटी वाजवायची कशी, हे त्यांना सुचत नव्हतं.

शनिवारी दुपारी त्यांनी सायकल बाळासोंच्या दाराला टेकवली. तीन वचनं आणि एक छोटं भाषण पाठ करून आणलं होतं. बाळासो ओट्यावर रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हितंबी डोळं मिटून बोलणार हाईस काय?"

भाषण तिथंच संपलं. हंबीरराव उन्हात उभे राहिले आणि मित्राच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं, बाळासो. दोन्ही वेळंला."

रंधा थांबला. "मातीला बेसूर झालतो, मलाबी ठावं हाय. तवा तू पट्टी उतरून माझ्या मागनं आलास. चार कडवी आलास. कुणाला कळू दिलं न्हाईस." बाळासोंनी रंध्यावरचा भुसा फुंकला. "दुसरा कोण बोलला असता तर हसलो असतो. तू बोललास."

हंबीररावांनी दाराला टेकवलेली सायकल हातात घेतली.

"उद्या येतोस न्हवं?"

"बघू."

कोल्हापुरात बघू म्हणजे बहुतेक नाही. ते शालूबाईंना तसं सांगून झोपले.

रविवारी पहिलं गीत पाळकसाहेबांनीच उचलायचं ठरलं होतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला, आणि तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून बाळासोंचा आवाज उठला. नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. हंबीररावांची बोटं दोनदा चुकली, तिसऱ्यांदा त्यांना जागा सापडली. मग गीत संपेपर्यंत ते मागून मागून जात राहिले, आणि डोळे त्यांनी उघडेच ठेवले होते.