मांडीपुरती जागा

“डिग्री, तुजा बाप कवा टेबलावर जेवलाय का रं?”

मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी मला हे विचारलं. पुढंही महिन्यातून दोनदा तरी विचारायचा, आणि दर वेळी उत्तर नव्यानं ऐकायचं असल्यासारखा रंधा थांबवून माझ्या तोंडाकडं बघत राहायचा.

उत्तर त्याला ठाऊक होतं. आष्ट्यात आमची एकच खोली. आबा, म्हणजे माझे वडील, बाजारात हमाली करायचे. आई लोकांच्या रानात भांगलायला जायची. घरात टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. ज्वारीच्या पोत्यावर फळी टाकून मी कॉलेजची ड्रॉइंगं काढली. पोतं उपसत जाईल तशी फळी खाली यायची, आणि पोतं संपलं की मी जमिनीवर यायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणालाही सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. मिस्त्रीला तेच खुपायचं.

आमचं वर्कशॉप साताऱ्याहून कोरेगावकडं जाताना लागतं. जीपच्या मागं जोडून न्यायची छोटी घरं आम्ही बनवतो. लोक त्यांना कॅम्पर म्हणतात. आत समोरासमोर दोन बाकं, मधे टेबल. झोपायच्या वेळी टेबल खाली घेऊन बाकांच्या पातळीला आणायचं, वर गाद्या टाकल्या की पलंग झाला. असली कामं करणारा मिस्त्री पुण्यातही शोधून सापडायचा नाही, असं मालक म्हणायचे. मिस्त्रीसमोर मात्र कधी म्हणाले नाहीत.

तुमच्या पाहण्यातही असा एखादा कारागीर असेल, ज्याचं काम बघत राहावं आणि तोंड बघू नये. आमच्या मिस्त्रीकडं टेप नव्हता. तो वितीनं आणि बोटांनी मोजायचा, आणि मी मागनं टेप लावला तर सुताचाही फरक निघायचा नाही. एकदा पन्नाशीच्या एका सुतारानं कपाटाचं दार तिरकं बसवलं होतं. मिस्त्रीनं ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पण तो बोलला नाही. त्या माणसाला दोन दिवस घासू दिलं, पॉलिश करू दिलं, आणि मग दार उतरवून त्याच्यादेखत मधोमध कापलं. “आता सरळ बसंल,” म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

पण प्रत्येक गाडी बाहेर जायच्या आधी हाच माणूस आत शिरून, टेबलाचा पलंग करून, त्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचा. कुठं लाकूड वाजतंय का ते ऐकायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “बायको गेल्यापास्नं माज्या घरात कोन कुरकुरत न्हाई. लोकांच्या घरात तरी कशाला?”

पाचगणीच्या एका रिसॉर्टवाल्यानं त्याच्याकडची एक जुनी गाडी आमच्याकडं पाठवली. तिच्यातलं टेबल एका पाइपवर उभं होतं आणि चहा ठेवला तरी डुलायचं. ते बदलून पसंत पडलं तर बाकीच्या सगळ्या गाड्या आमच्याकडं येणार होत्या. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “हे काम तुझं. जमलं तर कायम करतो. नाही जमलं तर तुझा रस्ता तुला मोकळा.”

मी चार दिवस बसून ड्रॉइंग काढलं. टेबलाची एक बाजू भिंतीवरच्या पट्टीत अडकवायची आणि दुसऱ्या बाजूला एकच पाय, तोही घडीचा. टेबलाखालचा, आतल्या बाजूचा खटका दाबला की पाय दुमडतो, टेबल खाली येतं. हलकं, देखणं. परदेशातल्या गाड्यांत असंच असतं.

मिस्त्रीनं कागद उलटा धरला. मुद्दाम. “खटका आत हाय?”

“आत असला की दिसत नाही. बाहेर वाईट दिसतो.”

“आन टेबल बाकावर चढलंय. चार बोटं मागं घे. दोन पाय दे.”

“का?”

“का म्हंजे? शिकलाईस न्हवं तू?”

एवढंच. कारण सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मीही मग हट्टानं काही बदललं नाही, आणि मिस्त्रीनं टेबल ड्रॉइंगप्रमाणंच बसवलं.

त्याच आठवड्यात आबा मला भेटायला आले. धुतलेलं धोतर, हातात शेंगांची पिशवी. वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला त्यांनी “आमचं पोरगं इंजिनेर झालंय” असं सांगितलं. मिस्त्री लगबगीनं पुढं आला. इतक्या आदरानं तो मालकांशीही बोलत नसे. “आवं पाव्हणं, या की. तुमच्या पोरानं टेबल केलंय. बसून तरी बघा.”

आबा वहाणा काढून गाडीत चढले, बाकावर बसले आणि सवयीनं मांडी घालून मोकळे झाले. त्यांचा गुडघा टेबलाच्या कडेला खालून लागला. ते जरा मागं सरकले, तर पाठ भिंतीला टेकली. सगळं वर्कशॉप दाराशी जमलं होतं.

“बघ डिग्री,” मिस्त्री म्हणाला. “तुज्या बापाला बसाया जागा न्हाई.”

लोक खो खो हसले. आबाही हसले. आपण कशाला हसतोय हे त्यांना कळलं नव्हतं.

मी म्हणालो, “आबा, पाय खाली सोडून बसा. हे जेवणाचं टेबल आहे. इथं असं बसत नाहीत.”

आबांनी पाय खाली सोडले. ते थोडे बुटके, पाय जमिनीला टेकेनात. तसेच लोंबकळत्या पायांनी ते जरा वेळ बसले आणि मग म्हणाले, “चांगलं झालंय.” संध्याकाळची एसटी असताना दुपारच्याच एसटीनं ते गेले.

त्या दिवशी मिस्त्रीनं मला चूक दाखवली होती. मला फक्त अपमान दिसला. खटका होता तिथंच ठेवला.

रिसॉर्टवाला कुटुंबासकट आला तेव्हा मालकांनी गाडीतच जेवण मांडलं. मटणाचं पातेलं सरळ चुलीवरनं उतरून टेबलावर आलं होतं. रिसॉर्टवाल्याची आई, सत्तरीची, नऊवारीतली बाई, कडेच्या जागेवर बसली. बसली म्हणजे मांडी घालूनच बसली. गुडघा आतल्या खटक्यावर दाबला गेला आणि टेबलाचा पाय दुमडला.

मिस्त्री दारातच उभा होता. टेबल बाईच्या अंगावर कलंडायच्या आत त्यानं खालून हात घातला. पातेलं जाग्यावर राहिलं. बाईच्या लुगड्यावर रश्श्याचा थेंबही उडाला नाही. मिस्त्रीचा उजवा हात मात्र दुमडलेला पाय आणि फळी यांच्यामधे होता. पातेलं उचलून टेबल वर घेईपर्यंत त्यानं तोंडातून आवाज काढला नाही. दोन बोटं गेली.

त्याचा हात फडक्यात गुंडाळत असताना मालकांनी विचारलं, “खटका आतल्या बाजूला कुणी बसवला?”

मी म्हणालो, “मिस्त्रींनी.”

ते खोटं नव्हतं. बसवला त्यानंच होता. मालकांनी ड्रॉइंग मागितलं नाही आणि मी दाखवलं नाही. मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. “व्हय,” म्हणाला. “म्याच बसवला.”

हात बरा व्हायच्या आतच मालकांनी त्याला यायची गरज नाही म्हणून कळवलं. निरोप द्यायला मलाच पाठवलं.

कोरेगावात त्याचं घर शोधायला वेळ लागला नाही. निरोप सांगून झाला तरी मी उठेना. रिसॉर्टवाल्यानं एक संधी आणखी दिली होती आणि मला टेबलाची मापं हवी होती. मिस्त्रीला ते न सांगताच कळलं.

“खाटंवर बस. मांडी घाल.”

मी मांडी घातली. त्यानं डावा हात माझ्या गुडघ्याशी धरला, मग सवयीनं उजवा पुढं केला आणि वीत पसरली. पट्टीतून तीनच बोटं बाहेर आली. करंगळी नव्हती, तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

“वीत भरंना आता,” तो म्हणाला. “टेप हाय का तुज्याकडं?”

मी खिशातला टेप दिला. त्याला तो एका हातानं धरता येईना, म्हणून दुसरं टोक मी धरलं. त्यानं उंची सांगितली, बाकापासूनचं अंतर सांगितलं, दोन्ही पायांच्या जागा सांगितल्या, आणि खटका बाहेर, हाताला लागेल असा. मी लिहून घेतलं.

निघताना मी विचारलं, “मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही मालकांना खरं का सांगितलं नाही?”

“तुज्यासाठी न्हाई, गड्या. तू सुखात ऱ्हावास असं मला अजून वाटत न्हाई.” तो खाटेवर आडवा झाला. “तुजा म्हातारा मांडी मोडून पाय सोडून बसला, त्ये मी बघितलं. मीच बसवला हुता त्याला. त्या माणसाला परत मान खाली घालाया लावायची न्हवती. जा आता. दार लावून घे.”

पुन्हा मी त्याच्याकडं गेलो नाही. वर्षभरानं तो वारल्याचं वर्कशॉपमध्ये कुणीतरी सांगितलं, तेव्हा आम्ही काम थांबवलं नाही. त्या दिवशी एक गाडी द्यायची होती.

त्यानं सांगितलेल्या मापांचं टेबल रिसॉर्टवाल्याला पसंत पडलं आणि त्याच्या सगळ्या गाड्या आमच्याकडं आल्या. आमच्या प्रत्येक कॅम्परमध्ये आज तेच टेबल बसतं. मांडी घालून सहा माणसं जेवतात. त्या टेबलाच्या ड्रॉइंगवर खाली एकच नाव आहे, ते माझं. मी कायम झालो.