एक बाही बाकी होती

विमानात विणकामाच्या सुया चालत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी नेल्याच असत्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नुकतेच नेरूळच्या सोसायटीत राहायला आलो होतो. तिथल्या उकाड्यात लोकर घेऊन बसलेली बाई बघून शेजारणी हसायच्या. "काय हो, हिमालयात बदली झाली का?" मी म्हणायची, "हो, तोवर जरा पंखा वाढवा." स्वेटर होता दिल्लीला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळासाठी. तिची आधीची दोन मुलं जगली नव्हती. म्हणून या खेपेला आईचा हुकूम होता, जन्माआधी बाळाचं काही म्हणजे काही करायचं नाही. दुपटंसुद्धा नाही. मी म्हटलं, दिल्लीच्या थंडीत पोराला काय वर्तमानपत्रात गुंडाळणार? आणि टाके घातले. आईनं चार दिवस अबोला धरला. मग तह झाला. आमच्याकडे रीतच आहे, आधी केलंच तर पुरं करायचं नाही, काहीतरी बाकी ठेवायचं. मी एक बाही अर्धी ठेवली, तशीच सुईवर.

एका संध्याकाळी फोन आला. मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आधीच. एवढीशी, पण रडली म्हणे. ह्यांनी धावपळ करून दुसऱ्या दिवशीचं विमानाचं तिकीट मिळवलं. माझा पहिलाच विमानप्रवास. मनात म्हटलं, बरं झालं, दोन तास बसल्या बसल्या बाही होईल. बाळ जन्माला आलं होतं, आता काही बाकी ठेवायचं कारण नव्हतं. तिच्यापुढे अपुरा स्वेटर धरायचा, हे मलाच सहन होईना.

विमानतळावर पडद्यामागच्या पोलीसबाईनं माझी पिशवी उघडली. कात्री काढून घेतली, ते मी ऐकून घेतलं. मग तिनं सुया उचलल्या.

"ह्या नाय चालनार, बाई. इथंच ठेवा."

"अहो, त्यांच्यावर बाही आहे."

"काढा मग."

"सुई काढली तर टाके सुटतील. सगळं उसवेल!"

"मी काय करू? ह्याला हत्यार धरतात."

हत्यार! माझा पारा चढला. "या सुया दाखवून मी विमान पळवणार का? कुठं नेऊ, पनवेलला?" मागच्या बायका खुसखुसल्या. ती हसली नाही. तिची नोकरी होती, हे मलाही कळत होतं. पण म्हणून मी मागं हटणार नव्हते.

"ठीक आहे," मी म्हटलं, "सुया नेत नाही. पण बाही झाल्याशिवाय मीही जात नाही." आणि तिच्याच शेजारच्या खुर्चीवर बैठक मारली.

"इथं बसता येत नाय."

"मग उचला मला."

दिल्लीला धुकं होतं, विमान लांबत चाललं होतं, तेवढं नशीब माझ्या बाजूनं. सुलट, उलट, सुलट, उलट. थोड्या वेळानं तिचे साहेब आले, हे काय चाललंय म्हणाले. मी मान वर न करता सांगितलं, "बाळाचा आहे, साहेब. आत्ता बोलू नका, टाके चुकतात." ते आम्हा दोघींकडे बघून निघून गेले. मग पोलीसबाईनंच पडदा जरा सरकवला, उजेड यावा म्हणून.

"पोरगी काय?"

"पोरगी."

"मग पिवळा का? गुलाबी करायचा."

"पिवळाच करायचा होता मला." तेवढ्यात आमच्या विमानाची घोषणा झाली. मी टाके बंद केले, बाही भराभर जोडली, लोकर दातानं तोडली. सुया तिच्या टेबलावर ठेवल्या. "घ्या तुमचं हत्यार," म्हटलं, आणि चालू पडले.

दवाखान्यात, बाळंतपणासाठी आधीच दिल्लीला येऊन राहिलेल्या आईनं स्वेटर माझ्या हातातून घेतला आणि थेट बहिणीच्या उशीखाली ठेवला. बारशापर्यंत नवं कापड अंगाला लावायचं नाही म्हणे. बाळ जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. मी हात लावून पाहिला, तळवे गारठलेले.

"थंडी काय बारशापर्यंत थांबणार आहे का गं?"

"मागच्या दोन्ही वेळी काय झालं, विसरलीस?" आई म्हणाली.

इतक्या जणांशी भांडून आले होते, पण त्या दोन मुलांपुढे मी काय बोलणार?

बहीण हळूच उठून बसली. गरोदरपणात तिनं एकदाही 'माझं बाळ' असं म्हटलं नव्हतं. विचारलं की 'बरं आहे' एवढंच सांगायची, जसं काही दुसऱ्याच कुणाचं होतं. तिनं उशीखाली हात घालून स्वेटर ओढून काढला.

"आई, सरक," ती म्हणाली. "माझ्या मुलीला थंडी वाजतेय."